दहापैकी सात फेऱ्या

भर दुपारी, जेवणं उरकून वाडी जरा कलंडली की आमच्या खळ्यात कोणीतरी चालतं. खळं म्हणजे घरापुढचं शेणानं सारवलेलं अंगण. मधोमध चिऱ्याच्या कमरेएवढ्या चौथऱ्यावर तुळस आहे. पावलं तिच्याभोवती फिरतात. एक पाय टेकतो, दुसरा घासत येतो. मी पडवीत खुर्चीवर डोळे मिटून बसलेला असतो आणि मोजतो. सात फेऱ्या होतात आणि आवाज थांबतो. आठवी फेरी आजवर झालेली नाही.

मी आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे मला म्हणावंच लागतं. माडाची झावळ कौलांवर घासते, असं मी बायकोला सांगतो. ती तांदूळ निवडत राहते. झावळ सातच वेळा का घासते, हे तिनं मला कधी विचारलेलं नाही. तिला उत्तर माहीत आहे.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली. पौषात आईला ताप भरला आणि तीन आठवडे हटला नाही. तालुक्याच्या गावी एक तरुण डॉक्टर नवीनच आला होता, घाटावरचा. फटफटीवरून यायचा, उंबऱ्यात चपला नीट जोडून ठेवायचा आणि आमची मालवणी कळली नाही की सरळ तसं सांगायचा. त्यानं औषध बदललं आणि माघात ताप उतरला. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. देवाला नारळ ठेवून झाला. मग तो डॉक्टर असं काही बोलला की माझं डोकंच फिरलं.

"मास्तर, ताप गेला. आता ही खाट हाच आजार आहे," तो म्हणाला. "उद्यापासून यांना खुर्चीत बसवा. परवा उभं करा. मग दोन पावलं, मग चार. हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावा, रोज जमेल तेवढं. आणि ही पातळ पेज बंद. मासे, अंडी, कुळीथ. पाय वापरले नाहीत की स्नायू झडतात. तरुणपणी गेलेले परत येतात, या वयात आणायला फार झगडावं लागतं."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आईनं वीस वर्षं काढलेल्या खस्ता याला काय ठाऊक. साठी उलटलेली बाई, तीन आठवडे तापानं फणफणलेली, आणि हा तिला कवायत करायला सांगतोय!

माझ्या रागाला एक कारण होतं. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यांनाही असाच ताप आला होता. ताप उतरला त्याच्या तिसऱ्या दिवशी ते शेतात भाताची लावणी बघायला म्हणून उठून गेले आणि बांधावरच कोसळले. तेव्हापासून आमच्या घरात आणि वाडीत एक वाक्य पक्कं झालं होतं, "उठलो म्हणान गेलो." पडून राहिले असते तर वाचले असते, अशी सगळ्यांची खात्री. एका उदाहरणावरून नियम बांधू नका, असं मी नववीच्या पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. घरी येऊन सदरा खुंटीला लावला की ते वाक्यही तिथंच लटकत राहायचं.

जाताना डॉक्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली. दर रविवारी आईच्या पोटरीचा घेर मोजायचा आणि लिहून ठेवायचा, म्हणजे पाय सुधारतायत की वाळतायत ते कळेल. हे मात्र मला आवडलं. मोजणं म्हटलं की मी तयार. घरात टेप नव्हती, पण जाळी विणायचा हिरवा नायलॉनचा दोरा होता आणि तो ताणला जात नाही. मी पोटरीभोवती दोरा गुंडाळला, टोकाला टोक लागलं तिथं कापला आणि बांबूच्या एका कामटीला खिळा मारून लटकवला. पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी दुसरा. कामटी आईच्या खाटेसमोरच्या भिंतीवर टांगली. दोऱ्यांची खालची टोकं बघितली की सरळ आलेखच दिसायचा. कोणी भेटायला आलं की मी ते कौतुकानं दाखवायचो. विज्ञानाचा मास्तर ना मी.

पहिला दोरा सगळ्यांत लांब. दुसरा त्याहून आखूड. तिसरा, चौथा, उतरती भाजणी.

आई दिवसभर त्या भिंतीकडे बघत पडलेली असायची. तिला अक्षर येत नव्हतं. सही म्हणून अंगठा. एका रविवारी मी चौथा दोरा टांगत होतो तेव्हा तिनं विचारलं, "ह्यो दोरो आखूड कित्याक रे?"

"तुझी पोटरी बारीक झाली, आये. तापान."

"ताप तर कधीच गेलो," ती म्हणाली.

मी हसलो आणि तिचं पांघरूण नीट केलं.

तिला मी जमिनीवर पाय ठेवू देत नव्हतो. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी तिला दोन्ही हातांवर उचलून मागच्या बाजूला परसाकडे नेत असे. दुपारी गरज लागली तर बायको आणि शेजारीण मिळून. वाट दगडांची, वीसेक पावलांची. बायामाणसं कुंपणापलीकडून बघायची आणि म्हणायची, "असो झील मेळूक नशीब लागता!" झील म्हणजे मुलगा. मला ते गोड लागायचं, कशाला खोटं बोलू? वाडीत दुसऱ्या कोणाच्या मुलानं आईला असं हातावर झेललं नव्हतं. शिवाय ती काठी घेऊन लडखडत चालताना दिसली असती तर याच बायका म्हणाल्या असत्या, मास्तरानं आजारी आवशीला कामाला लावली. उचलून नेताना आई डोळे घट्ट मिटून घ्यायची. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय.

पाचव्या रविवारी दोरा चौथ्याएवढाच निघाला. सहाव्या रविवारी किंचित लांब. सातव्या रविवारी चांगला बोटाच्या पेराएवढा लांब.

मी घाबरलो. पायाला सूज आली असणार! सूज असली की बोटानं दाबल्यावर खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही, हे मला माहीत होतं. मी पोटरी दाबून बघितली. खळगा पडला नाही. मांस बोटाला घट्ट लागलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. तरी मी वहीत "सूज" असंच लिहिलं आणि तिच्या पायांखाली दोन उशा सरकवल्या. त्या दिवशी आईच्या हाताला बांगड्याच्या कालवणाचा वास येत होता, तोही मला आला. मी नुसत्या पेजेवर ठेवलेली बाई ती, तिच्या बोटांना मासळीचा वास कुठून येणार, असा प्रश्न कोणालाही पडला असता. मी आलेखाचा सातवा खिळा ठोकण्यात गुंग होतो.

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, मुलं पेपर चांगला गेल्यावर निकालाआधीच मास्तराकडे बघतात तसं. "लांब झालो ना?" तिनं विचारलं.

"सूज आसा. हालू नको," मी म्हणालो.

तिनं मान भिंतीकडे वळवली.

चैत्र लागला होता. काजू उतरायला आले होते आणि घराघरांतून बिया सुकत पडल्या होत्या. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होत्या. एका संध्याकाळी आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा माणूस, रस्त्यात भेटला. त्यानं माझी सायकल थांबवून घेतली, इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली केला.

"मास्तरांनू, रागवशात नाय तर एक सांगतंय. तुमच्या खळ्यात भर दुपारी कोणतरी फिरता. तुळशीभोवती. शेजारच्या माडावर होतंय तेव्हा बगलंय. काल पण, आज पण."

"कोण फिरता?"

"तुमच्या आवशीसारख्या दिसता. पण ती तर खाटेवर पडान आसा, सगळ्यांका ठावक आसा. म्हणान सांगतंय, देवाक गाऱ्हाणा घाला. बाराच्या वक्ताक असा दिसणा बरा न्हय."

मी त्याला तिथंच रस्त्यात झापलं. मी तुला शिकवलं असतं तर अशी अक्कल पाजळली नसतीस, असंही म्हणालो. पण दोन दिवसांत ही कुजबुज वाडीभर झाली. विहिरीवर बायका मला बघून बोलायच्या थांबल्या. आई जिवंत असतानाच तिचं भूत फिरायला लागलं, आणि तेही विज्ञानाच्या मास्तराच्या अंगणात! माझं पित्त खवळलं. म्हटलं, हा सगळा थोतांडाचा कारभार आपण स्वतः डोळ्यांनी बघून मोडून काढायचा. तिसऱ्या दिवशी पेपर साडेअकराला संपत होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोबतच्या मास्तरांच्या गळ्यात मारले आणि सायकल हाणत घरी आलो. सायकल बांधाखालीच आडवी टाकली, चपला हातात घेतल्या आणि गडग्याच्या, म्हणजे आमच्या दगडी कुंपणाच्या, आडून बघितलं.

ऊन माथ्यावर होतं. सावली कशालाच नव्हती. खळ्यात आई तुळशीभोवती फिरत होती.

डावा हात चौथऱ्यावर, उजव्या हातात काठी. एक पाय टेकत होता, दुसरा घासत येत होता. ओठ हलत होते. चौथऱ्याच्या एका कोपऱ्यावर काजूच्या बियांची छोटी रास होती. फेरी पुरी झाली की ती थांबायची, एक बी उचलायची, दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवायची, दम घ्यायची आणि पुन्हा निघायची. दारात माझी बायको उभी होती, हात पुढे धरून, पण तिला न शिवता. सारवलेल्या जमिनीवर तुळशीभोवती एक गोल वाट उमटली होती. तो गोल मी रोज बघत होतो. कोंबड्या फिरत असतील असं मला वाटत होतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. मी मात्र ओरडलो. पडली असती तर, हा विचार आणि बांधावर पडलेले वडील एकदमच डोळ्यांपुढे आले. आणि खरं सांगायचं तर याच्या जोडीला दुसरं काहीतरी होतं. माझ्या घरात माझ्याच पाठीमागे हे चाललं होतं, वाडीला माझ्याआधी कळलं होतं, याचा संताप.

"कोणाक इचारून उठलंस गे?"

आई दचकली. काठी हातातून निसटली, पण चौथऱ्याला धरून ती उभीच राहिली. पडली नाही. हे मला नंतर हजारदा आठवलं. ती पडली नव्हती.

"सात झाल्यो," ती धापा टाकत म्हणाली. "तीन रवल्यो. तेवड्यो करूंदे रे."

"एक नाय नि दोन नाय! मरूचा आसा तुका?"

"अवो, डाक्टरान सांगलेला, तुमच्यासमोर," बायको पुढे येत म्हणाली. "त्यांनी चार फेऱ्यांनी सुरू केल्यानी, आज धा करूच्यो होत्यो. मी मासे वाढतंय. त्यांका बरा वाटता."

मी तिला वाटेल ते बोललो. आई पडली असती तर जबाबदारी कोणाची, असं मी तिला विचारलं, आणि विचारताना माझी थुंकी तिच्या तोंडावर उडाली. मग मी आईला उचललं. ती माझ्या हातांत ताठ झाली होती. खळ्यातून पडवीत आणि पडवीतून माजघरात, जिथून अंगण दिसत नाही, तिथं मी तिची खाट हलवली. काठी माळ्यावर टाकली. बिया गोळा करून सुकत घातलेल्या ढिगात ढकलल्या. कामटी मात्र काढून तिच्यासमोर पुन्हा टांगली.

दुपारी बायको मागच्या दारी भांडी घासत होती. तिथून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांका काय व्हया होता म्हायत आसा? माका म्हणाल्यो, पावसाआधी माका माझ्या पायांनी परसाकडे जावक व्हया. झिलाच्या हातावर बसान जावचा, ह्या माका मरणापरास वायट दिसता."

मला ते ऐकू आलं. मी आधीच्या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो.

वाडीतली कुजबुज थांबली. पाडेलीनं मला सांगितलं, "आता काय दिसना नाय. गाऱ्हाणा घातलात ता बरा केलात." तो मला अजून मानतो.

आई पुन्हा उठली नाही. हट्ट केला नाही, रडली नाही, माझ्याशी तुसडेपणानंही वागली नाही. मी दिलं ते खाल्लं, म्हणजे खाल्ल्यासारखं केलं. आठवा दोरा थोडा आखूड निघाला. मी बायकोला म्हणालो, बघ, सूज उतरली. नववा, दहावा, अकरावा. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरीच होतो आणि तिची सेवा करण्यात कुठंही कमी पडलो नाही. पाऊस लागला तेव्हा मागची वाट निसरडी झाली आणि तिला उचलून नेणं मला सोपं वाटू लागलं, कारण तिला वजनच उरलं नव्हतं.

आषाढात पाठीला जखमा झाल्या तेव्हा डॉक्टरला बोलावलं. चिखलानं भरलेल्या चपला त्यानं उंबऱ्यात जोडून ठेवल्या. आईला तपासलं, जखमा धुतल्या आणि मग भिंतीवरच्या कामटीपुढे जाऊन उभा राहिला. एकेका दोऱ्यावर बोट ठेवत तो पुढे सरकला आणि सातव्या दोऱ्यावर थांबला.

"या आठवड्यात काय करत होतात?"

"सूज होती," मी म्हणालो. "नंतर उतरली."

तो वळला. माझ्याकडे नाही, दारात उभ्या माझ्या बायकोकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. "त्या चलत होत्यो," ती म्हणाली. "रोज दुपारी."

डॉक्टरनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पोरसवदा होता, पण त्या क्षणी मला तो माझ्या वर्गापुढे उभा असलेला मास्तर वाटला आणि मी बाकावरचा ढ पोरगा.

"सूज नव्हती, मास्तर," तो म्हणाला. "आई परत येत होत्या."

माझ्याच हातानं कापलेले, माझ्याच हातानं ठोकलेले दोरे होते ते. चार उतरले, पाचवा थांबला, दोन चढले, बाकीचे उतरत गेले. पाचवीतल्या मुलानंही ते वाचलं असतं. अंगठा उठवणाऱ्या बाईनं ते खाटेवर पडल्या पडल्या वाचलं होतं, त्यावरून काय करायचं ते ठरवलं होतं, आणि पुढच्या दोऱ्यावर त्याचं उत्तरही मिळवलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"करून बघू," डॉक्टर म्हणाला. तो खोटं बोलत नसे, म्हणून त्यानं पुढं काही म्हटलं नाही.

आम्ही करून बघितलं. मासे, अंडी, कुळथाची पिठी. मी माळ्यावर चढून काठी उतरवली. रोज सकाळी मी आणि बायको दोन्ही बगलांत हात घालून तिला उभं करायचो. पाय गादीवरच्या चादरीसारखे खाली लोंबायचे. ती प्रयत्न करायची. कपाळावर घाम यायचा, ओठ मिटून घ्यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "रवांदे आता."

श्रावणात एक दिवस उघडीप मिळाली. ऊन पडलं. मला काय सुचलं कोण जाणे. मी तिला उचललं आणि दुपारी बाराला खळ्यात आलो. पावसानं सारवण धुऊन गेलं होतं, गोल वाट कुठंच नव्हती. चौथऱ्यावर शेवाळ धरलं होतं. बायकोनं घरातून तीन काजूबिया आणून कोपऱ्यावर ठेवल्या. आम्ही काही ठरवलं नव्हतं. तिला मी सांगितलंही नव्हतं.

आईला छातीशी धरून मी तुळशीभोवती फिरलो. एक फेरी झाली, मी वाकलो, आईनं बोटांनी बी सरकवली. दुसरी. तिसरी. तिचे पाय माझ्या कोपरावरून लटकत होते आणि माझ्या चालीबरोबर हलत होते.

"झाल्यो गे आये," मी म्हणालो. "धा पुरे झाल्यो."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. राग नव्हता. लहानपणी मी गणित चुकवून वर उत्तर बरोबर आहे म्हणून भांडायचो, तेव्हा न शिकलेली ती जशी बघायची, तशी बघत होती.

"हे तुझे पाय, रे झिला," ती हळूच म्हणाली. "माझ्यो तीन रवल्योच."

चार दिवसांनी ती गेली. कामटी अजून माजघरात त्याच खिळ्याला आहे. आता माझं वय ती गेली त्याच्या पुढे गेलं आहे, आणि रोज दुपारी खुर्चीच्या हाताला न टेकता मी दहा वेळा उठतो आणि बसतो, त्या डॉक्टरनं सांगितलं होतं तसं. मग डोळे मिटून ऐकत राहतो. सातवी फेरी संपते, दम घेतल्याचा आवाज येतो. मी काही ओरडत नाही, जागचा हलतही नाही. तरीही ती आठवीला निघत नाही.